अण्णांच्या सायकलला मडगार्ड होतं

जूनच्या पहिल्या पावसात घरच्या ग्रुपवर वाद पेटला. भाचा ओंकार नवी मुंबईत महाप्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागलाय, घर कोपरखैरण्याला. अंतर जेमतेम पाच किलोमीटर. सायकलने जाणार म्हणाला, तर ताईचा लगेच मेसेज: "पावसाळ्यात? डोकं ठिकाणावर आहे का?" दाजींचं म्हणणं असं की आधी महापालिकेने ट्रॅक बांधावेत, मग सायकलची भाषा करावी. मी ओंकारची बाजू घेतली, तेव्हा दोघंही मला म्हणाले, "तुला काय, तिकडे हॉलंडात सगळं आयतं आहे."

मी अकरा वर्षं युट्रेख्तमध्ये रोज सायकलने ऑफिसला जातो. इथे आयतं काही नव्हतं. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यावरच्या अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेवर लहान मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांचे खून थांबवा' या नावाची चळवळ झाली, १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली, तेव्हा कुठे सरकार हललं. आज युट्रेख्त स्टेशनच्या चौकाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे. तो पुरा झाला २०१९ मध्ये. म्हणून दाजी, ट्रॅक मागाच, मीही तुमच्यासोबत मागतो. पण ते होईपर्यंत पोराने काय करायचं?

'हॉलंड वेगळं' हे मला नवी मुंबईच्या बाबतीत तरी पटत नाही. आपलं गाव खाडीलगतच्या सखल जमिनीवर वसलंय. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून सिडकोने धारण तलाव (भरती ओसरेपर्यंत पावसाचं पाणी साठवणारी तळी) बांधले, ते डच, म्हणजे हॉलंडच्या पद्धतीचे. नेरूळला ज्या तलावाभोवती ताई सकाळी चालायला जाते, तोही त्यातलाच. पाणी अडवायची रीत आपण हॉलंडकडून घेतली, जमीनही तशीच सपाट, मग सायकलचंच तेवढं जमणार नाही कसं?

फरक आहे तो पावसात, आणि तो मी मान्य करतो. इथे वर्षाकाठी साधारण साडेआठशे मिलिमीटर पडतो, तोही बारा महिने रिपरिप. आपल्याकडे अडीच हजारांच्या घरात, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. रेड अलर्टच्या दिवशी कुणीच सायकल काढू नये. तुंबलेल्या पाण्यात तर कधीच घालू नये. खाली खड्डा आहे की उघडं गटार, ते दिसत नाही, आणि पायाला खरचटलेलं असेल तर उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या लेप्टो तापाची भीती वेगळी. पण असे दिवस मोसमात किती? बाकीचे दिवस नुसते ओले असतात. ओल्या दिवसाला इथे लोक म्हणतात, तू काही साखरेचा नाहीस. आपल्याकडे आजी हेच म्हणायची, फक्त मिठाचा.

खरी अडचण दुकानात आहे. ओंकारने घेतलेली सायकल मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. पुढे सस्पेन्शन, एकवीस गिअर, जाड दातेरी टायर आणि मडगार्ड एकही नाही. डोंगरात मातीवर चालवायची ही सायकल आपण सेक्टर आठच्या डांबरावर चालवतो, पहिल्याच पावसात मागच्या चाकाची चिखलाची रेघ मानेपर्यंत उठते आणि आपण ठरवून टाकतो की पावसात सायकल चालत नाही.

आमचे अण्णा वीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत पाळीला सायकलने गेले. काळी ॲटलस, बावीस इंची. दोन्ही चाकांना पत्र्याचे पूर्ण मडगार्ड, चेन डब्यासारख्या कव्हरमध्ये बंद, डायनॅमोचा दिवा, कॅरिअर, स्टँड. आज युट्रेख्तमध्ये ऑफिसला जाणाऱ्या कुणाचीही सायकल बघा, नेमकं हेच सामान दिसेल. मी इथे पहिली सायकल घेतली तेव्हा दुकानातच अण्णांची आठवण येऊन गलबललं होतं. आपल्या दारात असलेली पावसाळी सायकल आपण जुनाट म्हणून भंगारात घातली. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता.

त्या सायकलीत एक मोठी उणीव होती, ती लपवायला नको. ब्रेक. भिजलेल्या चकचकीत रिमवर रबर नुसतं सरकतं. अण्णा पावसात चौकाच्या कितीतरी आधीपासून ब्रेक धरायचे. इथल्या सायकलींत ब्रेक बहुधा चाकाच्या मधल्या डब्यात असतो, तिथवर पाणी पोचत नाही. ओंकारच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत, ते ओल्यातही धरतात. फक्त चेनला तेल देताना एक थेंबही डिस्कवर जाता कामा नये. गेला, तर ब्रेक गेलाच समजायचं.

म्हणून आम्ही जुन्या-नव्याची सांगड घातली. कोपरखैरण्याच्या सायकलवाल्याकडून पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवले. पुढच्या मडगार्डचं टोक जमिनीपासून बरंच वर राहत होतं, आणि पुढच्या चाकाचं पाणी नेमकं तिथूनच पायांवर आणि चेनवर उडतं. ओंकारला म्हटलं, जुनी ट्यूब वीतभर काप, दोन भोकं पाड आणि मडगार्डच्या टोकाला स्क्रूने आवळ, जमिनीपासून चार बोटं वर राहील अशी. या रबराच्या तुकड्याने जे काम केलं ते महागड्या रेनकोटने केलं नव्हतं. बूट कोरडे राहिले आणि चेन आठवडाभर कुरकुरली नाही.

दातेरी टायर काढून पावणेदोन इंची साधे लावले. ओल्या डांबरावर दाते कामाचे नसतात, जितकं रबर रस्त्याला टेकेल तितकं बरं. हवा थोडी कमी ठेवायची. तरीही झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक यांवर वळायचं नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही, सरळ निघून जायचं. मी इथे ट्रामच्या ओल्या रुळावर एकदा कोपर फोडून घेतलंय. पहिल्या सरीला तर रस्त्यावरचं तेल वर येतं, त्या दिवशी अर्ध्या वेगाने.

गिअरचं मात्र राहिलं. मागे असे उघडे गिअर असले की चेनला बंद कव्हर बसत नाही. पुढची सायकल सिंगल स्पीड घे म्हणून सांगितलंय, कोपरखैरणे-महाप्याला एकवीस गिअर लागतातच कुठे? तोवर रोज घरी आल्यावर फडक्याने चेन पुसायची आणि रविवारी दाट तेल द्यायचं. शिलाई मशीनचं पातळ तेल पहिल्याच पावसात धुऊन जातं. मागचा लाल दिवा दिवसाही चालू, कारण सरीत ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला राखाडी रेनकोट दिसतच नाही. तो रस्ता ओलांडताना उतरून चालत जा, एवढं वचन ताईने घेतलंय आणि ते योग्यच आहे.

कपड्यांच्या बाबतीत इथला अनुभव कुचकामी. इथल्या थंडीत रेनकोट चालतो, आपल्याकडच्या दमटपणात माणूस आतून घामाने भिजतो. त्यापेक्षा हाफ पँट, फ्लोटर्स, सरळ भिजत जायचं आणि ऑफिसचे कपडे दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून कॅरिअरला.

पण भिजून पोचल्यावर बदलायचं कुठे? आमच्या वादात हा प्रश्न कुणाच्याच तोंडी नव्हता. इथे कंपनी मला सायकलने आल्याबद्दल किलोमीटरमागे पैसे देते, ठरावीक मर्यादेपर्यंत त्यावर करही नाही. मला त्याहून मोलाची वाटते ती ऑफिसच्या तळघरातली खोली. तिथे खुंट्या आहेत, टॉवेल वाळत घालायला गरम नळी आहे, संध्याकाळी तो सुकलेला मिळतो. ओंकारच्या कंपनीत स्कूटरला छप्पर आहे, कारला छप्पर आहे, सायकल मात्र जनरेटरमागे उघड्यावर. तिथे आधीच तीन सायकली उभ्या होत्या, सिक्युरिटीवाल्यांच्या. ते घणसोलीहून आणि रबाळ्याहून वर्षानुवर्षं भर पावसात येतात, ओल्याच गणवेशात बारा तास उभे राहतात. पावसात सायकल शक्य आहे का, यावर आम्ही महिनाभर भांडलो आणि यांना कुणी विचारलंच नाही, याची मला लाज वाटली.

ओंकारने ॲडमिनला मेल केली: सायकलींवर पत्रा आणि कपडे बदलायला एक खोली. उत्तर आलं, पत्रा टाकून देऊ, खोलीचं पुढे बघू. परवा त्याने दुसरी मेल पाठवली, खोलीसाठीच. या वेळी खाली चार नावं आहेत, त्याचं आणि त्या तिघांची.