विनोदाची बातमी होते, परीक्षण होत नाही

मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड झाली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. स्टँड-अप कॉमेडियन कुणाल कामराने तिथल्या कार्यक्रमात एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत म्हटलं होतं. एका तटाचं म्हणणं, बोलण्याला काही मर्यादा आहे की नाही? दुसरा तट मला साक्षीला बोलावत होता: तुमच्या ब्रिटनमध्ये तर राजाचीही टर उडवतात, सांग यांना. मी एडिंबरात राहतो. मला सांगावंसं वाटतं ते इथल्या समीक्षकांबद्दल.

इथे १९४७ पासून फ्रिंज हा नाटकांचा आणि विनोदी प्रयोगांचा महोत्सव भरतो. ऑगस्टभर पबच्या वरच्या खोल्या, तळघरं, विद्यापीठातले वर्ग, जिथे खुर्च्या मांडता येतील तिथे प्रयोग होतात. रॉयल माइल या जुन्या रस्त्यावरून चालताना चार पावलांवर कुणीतरी पत्रक हातात देतंच. सुरुवातीला पोस्टरवर नुसता चेहरा आणि वेळ असते. मग परीक्षणं छापून येऊ लागतात आणि कलाकार मंडळी परीक्षणात मिळालेल्या ताऱ्यांच्या पट्ट्या छापून आणून आपल्याच पोस्टरवर स्टेपलरने ठोकत फिरतात. 'गार्डियन'चे ब्रायन लोगन किंवा फक्त विनोदालाच वाहिलेल्या 'चॉर्टल' या संकेतस्थळाचे स्टीव्ह बेनेट अशी माणसं तासभर त्या कोंदट खोलीत बसतात आणि मग लिहितात: बांधणी कुठे सैल पडली, कुठला विनोद स्वस्तातला होता, कुठला झोंबणारा असूनही नेमका होता. 'वर्क इन प्रोग्रेस' असं जाहीर केलेल्या प्रयोगाचं परीक्षण मात्र सहसा कुणी करत नाही. त्यात कलाकार वही हातात घेऊनच उभा असतो. एखादी ओळ पडली की वहीत खूण करतो आणि पुढे जातो. कच्चं ते कच्चं म्हणूनच ऐकायचं, हा संकेत लोक पाळतात. मला तो फार मोलाचा वाटतो.

समीक्षकांचंही चुकतं. २००९ मध्ये लोगन यांनी बोचऱ्या, आक्षेपार्ह विनोदाच्या नव्या लाटेवर लेख लिहिला. त्यात कॉमेडियन रिचर्ड हेरिंगच्या प्रयोगातलं एक वाक्य होतं, वंशद्वेष्ट्यांची बाजू घेतल्यासारखं वाटणारं. मुळात तो प्रयोग वंशद्वेषाविरुद्ध होता. बीएनपी (ब्रिटिश नॅशनल पार्टी) या अतिउजव्या पक्षाने त्याच वर्षी युरोपीय संसदेच्या दोन जागा जिंकल्या होत्या आणि हेरिंग त्याबद्दल पोटतिडकीने बोलत होता. वाक्य सुटं काढलं आणि अर्थ उलटा झाला. हेरिंग भडकला, त्याने उत्तर लिहिलं, 'गार्डियन'ने ते छापलं. लेखाला लेखाने उत्तर मिळालं. कुणाच्या खुर्च्या मोडल्या नाहीत.

इथली सगळीच वृत्तपत्रं अशी वागतात असं मात्र मी म्हणणार नाही. २००८ मध्ये रसेल ब्रँड आणि जोनाथन रॉस या विनोदी निवेदकांनी बीबीसी रेडिओवरून वयोवृद्ध अभिनेते अँड्र्यू सॅक्स यांच्या फोनवर त्यांच्या नातीबद्दल घाणेरडे निरोप ठेवले. ते वागणं वाईटच होतं. तरी प्रसारणानंतर पहिल्या दिवसांत जेमतेम दोन तक्रारी आल्या होत्या. आठवड्याने 'मेल ऑन संडे'ने बातमी केली आणि तक्रारी हजारोंवर गेल्या. कार्यक्रम न ऐकताच संतापलेले लोक इथेही भरपूर आहेत.

पण इथे संतापाच्या बातमीशेजारी परीक्षणही असतं. आपल्याकडे तेच नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण नाट्यपरीक्षण मराठी वृत्तपत्रांच्या रक्तातच आहे. नवं नाटक आलं की कुणीतरी शिवाजी मंदिरात जाऊन ते पाहतं आणि त्यावर लिहितं. स्टँड-अपवाला मात्र छापून येतो तो मार खाल्ल्यावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलापुरात प्रणित मोरेला कार्यक्रमानंतर टोळक्याने मारहाण केली. बातम्या मी झाडून वाचल्या. त्या संध्याकाळी तो काय बोलला, रंगला की पडला, हे एकीतही नव्हतं. मग भांडण होतं ते मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यावर, आणि दोन्ही तटांतल्या कुणीच प्रयोग पाहिलेला नसतो.

म्हणून मराठी संपादकांना माझी विनंती आहे. पुण्या-मुंबईत दर शनिवारी रात्री हे कार्यक्रम होतात. तिथे एक जाणता माणूस पाठवा. तो जे लिहील ते नाटकाच्या परीक्षणाशेजारी छापा. विनोद टुकार असेल तर तो का टुकार आहे ते चार परिच्छेदांत लिहू द्या. नुसत्या लाइक्स आणि शिव्यांवर वाढणाऱ्या त्या पोरांनाही ते वाचायला हवंच आहे.