‘पुणे–गोवा एक तास म्हणून विकलं, ९ तास लागले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुमच्या आईंना इतका वेळ गाडीत बसावं लागलं, त्यांना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण तुम्ही लिहिलंय, "पुणे–गोवा एक तास सांगून निव्वळ फसवणूक केली." हे मनाला फार लागलं. आमचं ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस छोटं आहे. लोक रिव्ह्यू वाचूनच फोन करतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितोय.

१ तास १० मिनिटं ही वेळ मी माझ्या मनाने सांगितली नव्हती, ती तिकिटावर छापलेली आहे. विमान जागेवरून हललं की ती सुरू होते आणि तिकडे जाऊन उभं राहिलं की संपते. पुण्याहून मोपा, म्हणजे तुम्ही उतरलात तो गोव्यातला विमानतळ, सरळ रेषेत साधारण ३१५ किलोमीटर, म्हणजे हवेत जेमतेम पाऊण तास. ११ला निघालेलं तुमचं विमान १२.१०ला वेळेवर उतरलं. हे रिव्ह्यूत कुठेच नाही, सर.

आता मोपाचं. "चुकीच्या विमानतळावर उतरवलं" असं तुम्ही म्हणता. गोव्यात २०२३पासून दोन विमानतळ चालू आहेत. दाबोळी वास्कोजवळ, मोपा पार पेडण्यात, उत्तरेच्या टोकाला. तुमचं हॉटेल पाळोळ्याला, दक्षिणेच्या टोकाला. दाबोळीहून पाळोळे साठ-पासष्ट किलोमीटर, मोपाहून शंभराच्या आसपास. हे सगळं बुकिंगच्या आधी मी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. त्या तारखेला दाबोळीचं तिकीट महाग पडत होतं, तेव्हा "मोपा चालेल, गाडी आहेच ना" असा तुमचाच मेसेज आला. तो माझ्याकडे अजून आहे. इथे टाकणार नाही, ते बरं दिसत नाही.

राहिले ९ तास. कोथरूडहून तुम्ही साडेआठला निघालात, म्हणजे विमान सुटेपर्यंतच अडीच तास गेले. विमानाचा १ तास १० मिनिटं, सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास, आणि मोपा ते पाळोळे रस्त्याने पावणेतीन-तीन तास. हे झाले सात. उरलेले दोन तास पणजीत जेवण आणि मडगावला काजूची खरेदी. जेवायला थांबलात ते योग्यच केलंत, आई बरोबर होत्या. ड्रायव्हरनेही घाई केली नाही, वेटिंगचा एक रुपया लावला नाही. मग तेच दोन तास आमच्या नावावर का?

पुण्याहून रस्त्याने पणजी साडेचारशे किलोमीटर आहे. वयस्कर माणसांना घाट नको म्हणून विमान सुचवलं होतं, त्यात कमिशनचा विचार नव्हता. एवढं तरी मान्य करा.

यापुढे कोटेशनमध्ये विमानाच्या वेळेबरोबर घर ते हॉटेल लागणारा अंदाजे वेळही देऊ, आणि ज्येष्ठ प्रवासी असतील तिथे आणखी काय करता येईल तेही बघतो आहोत.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. सेवा आवडली नसेल तर एकच ठेवा. फक्त ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा काढा, ही विनंती. ऑफिसचा नंबर तुमच्याकडे आहेच, कधीही फोन करा, मी स्वतः बोलेन.