'भंगार गन दिल्या' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

दादा, रिव्ह्यू दोनदा वाचला तुमचा. हिंगणा रोडच्या आमच्या पेंटबॉल ग्राउंडवर तुम्हाला भंगार गन मिळाल्या, ट्रिगर जड, तीन वेळा रंगाची गोळी आतच फुटली, अन् समोरच्या टीमकडे इलेक्ट्रॉनिक होत्या म्हणून मॅच एकतर्फी झाली असं लिहिलंय. शेवटची गोष्ट एकदम बरोबर, ती चूक माझी. ती पोरं स्वतःच्या गन घेऊन आली होती, त्यांना तुमच्यासमोर उतरवायलाच नको होतं मी.

पण भंगार नाही हो भाऊ. भाड्याच्या सगळ्या मेकॅनिकल मुद्दाम घेतल्यात, चिखलात पडली तरी पुसून चालते, अन् नवीन पोरांच्या हातून एका दाबात एकच गोळी सुटते. आतमध्ये स्प्रिंगचा हॅमर सिअरवर, म्हणजे एका बारक्या खिट्टीवर, अडकून असतो, ट्रिगर ओढला की तो सुटून हवेच्या व्हॉल्व्हवर आदळतो, मग दाबातली हवा गोळीला पुढं ढकलते अन् हॅमरला मागं नेऊन परत अडकवते. तो ताणलेला हॅमर तुमचं बोट सोडवून राहिलं असते, म्हणून जड लागतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोट फक्त बारका स्विच दाबते, बाकी काम बॅटरी, सर्किट बोर्ड अन् सोलेनॉइडचं, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं.

गोळी का फुटते ते सांगतो. त्यांच्या गनमध्ये सेन्सर असतो, खेळणारे त्याला 'आय' म्हणतात, गोळी नीट खाली बसल्याशिवाय तो फायरच होऊ देत नाही. आपल्यात तो नाही, हॉपरमधून, म्हणजे गनवरच्या गोळ्यांच्या डब्यातून, गोळ्या आपल्या वजनाने पडतात, तुम्ही धडाधड दाबत गेले की अर्धी उतरलेली गोळी गोळी पुढं सरकवणाऱ्या बोल्टमध्ये सापडून चिरते, अन् बॅरलमध्ये एकदा रंग माखला की पुढच्या सगळ्या वाकड्या जातात. हे मॅचच्या आधी आमच्या पोरानं सांगायला पाहिजे होतं, फुटल्यावर लगेच बॅरल पुसायची स्क्वीजी फिरवून द्यायला पाहिजे होती. दोन्ही झालं नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी.

त्यांच्या गोळ्या जास्त जोरात लागत होत्या असंही लिहिलंय, पण तसं नव्हतं. मैदानात जाणारी प्रत्येक गन, कुणाचीही असो, क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, सेकंदाला 280 फुटांच्या आत सेट करतो आम्ही. त्यांच्या गोळ्या एकामागून एक येत होत्या, म्हणून तसं वाटलं असेल.

आता स्वतःची इलेक्ट्रॉनिक आणणारी टीम तशाच टीमसोबत खेळेल. तुमच्या ग्रुपची एक मॅच आमच्याकडून, गोळ्यांसकट. थोडे लवकर या, एक गन टेबलावर खोलून दाखवतो.