फुकट खोलीला सुट्टी म्हणू नका

गरजू कुटुंबांना चार दिवस विसावा मिळावा म्हणून योजना आखली जाते. कुणीतरी हंगाम नसताना रिकाम्या पडलेल्या खोल्या देतं, यादी तयार होते आणि ऐन दिवशी काही कुटुंबं येतच नाहीत. मग ठरलेलं वाक्य कानावर येतं, "फुकट मिळालं की किंमत नसते." हे वाक्य आम्हाला मुळीच मान्य नाही. न येण्याची कारणं शोधायला गेलं तर ती बहुतेक वेळा खोलीच्या बाहेरच सापडतात.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे बुडणारी मजुरी. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम विश्रांतीचा आणि ठराविक काळाने पगारी सुट्टीचा हक्क सांगतं. पण रोजंदारीवरच्या माणसाला पगारी रजा देणार कोण? त्याच्यासाठी चार दिवसांची सहल म्हणजे चार दिवसांची गेलेली कमाई. त्यामुळे तारीख आपल्या सोयीने ठरवून कळवू नका. तीन-चार तारखा समोर ठेवा आणि कामाचा जोर कधी असतो, घरभाडं कधी भरायचं असतं, हे विचारून मग ठरवा. अडचण अशी की रिकाम्या खोल्या बहुधा शाळा चालू असताना मिळतात. म्हणून शाळेच्या सुट्टीतल्या थोड्या जागा आधीच मागून ठेवाव्यात आणि त्या शाळकरी मुलांच्या कुटुंबांसाठीच राखाव्यात.

दुसरं कारण प्रवास. "तिकिटं काढा, पावत्या आणा, पैसे देऊ" ही पद्धत ज्याच्याकडे आगाऊ घालायला पैसे आहेत त्याच्यासाठी ठीक. बाकीच्यांना तिकीट हातात द्यावं लागतं, तेही घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचं. मधल्या लांब पल्ल्याचं तिकीट सगळे काढून देतात. स्टेशनवर उतरल्यावर दोन लहान मुलं आणि सामान घेऊन पुढे जायचं कसं, इथे गाडं अडतं.

फ्रान्समध्ये १९८२ पासून सुट्टीची कूपनं आहेत. कामगार थोडे पैसे घालतो, मालक भर घालतो आणि ते कूपन राहण्याबरोबरच प्रवासाला, जेवणाला, करमणुकीलाही चालतं. आम्हाला त्यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते. खोल्या मागायला जाण्याआधी पाच रकाने आखा: मुक्काम, दारापासून दारापर्यंतचा प्रवास, जेवण, हातखर्च आणि अडीअडचणीसाठी निदान दहा टक्के. पैसे कमी पडले तर कुटुंबांची संख्या कमी करा, पण रकाना गाळू नका. अर्धवट खर्च केलेल्या दहा सहलींपेक्षा पूर्ण खर्च केलेल्या सहा बऱ्या.

हातखर्च निघण्याआधी आणि रोख द्यावा. त्याचा हिशेब मागू नये. मुलाने फुग्यासाठी हट्ट धरला आणि आईला पाकीट उघडून बघावं लागलं, की सुट्टी तिथेच संपली. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर उत्तम, मात्र पहिल्या संध्याकाळचं आणि दुसऱ्या सकाळचं सामान आधीच तिथे ठेवा. अनोळखी गावात रात्री दुकान शोधत फिरणं कुणाच्याच नशिबी येऊ नये.

छोट्या गोष्टींनीही बेत मोडतात. घरात प्रवासाची बॅगच नसते. मूल अंथरूण ओलं करतं, म्हणून आई शरमेने नाही म्हणते. गादीवर घालायची मेणकापडी चादर प्रत्येक खोलीत न विचारता ठेवली की हा प्रश्न मिटतो. कुठे ओळखपत्र लागतं, पण ते कुणी आधी सांगितलेलंच नसतं. निघण्याआधी तीन आठवडे, एक आठवडा आणि दोन दिवस असे तीन फोन करा, आणि तिन्ही वेळा एकाच माणसाने करा.

घरात आजारी किंवा अपंग व्यक्तीची रोजची काळजी घेणारं कुणी असेल, तर तयारी दुप्पट लागते. काळजी घेणारी व्यक्ती एकटी जाणार की सगळे मिळून, हे तिलाच ठरवू द्या. एकटी जाणार असेल तर बदली माणूस निघण्याच्या दिवशी आणून उपयोग नाही. त्याने आधी निदान दोनदा घरी येऊन औषधं देणं, भरवणं, कुशीवर वळवणं तिच्यासमोर करून बघायला हवं. औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि "असं झालं तर कुणाला फोन करायचा" हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. हे झालं नाही तर ती गेली तरी चारही दिवस फोनलाच चिकटून राहील.

सगळे मिळून जाणार असतील तर "व्हीलचेअर चालते" या शब्दावर विश्वास ठेवू नका. दाराला मोजायची टेप लावून काढलेला फोटो मागवा. उघडलेल्या दाराची मोकळी रुंदी किमान ८० सेंटिमीटर हवी, आणि खुर्ची वळवायला न्हाणीघरात साधारण दीड मीटरचा मोकळा गोल हवा. एका पायरीने सगळं फसतं. औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवसांची जास्त घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

गरिबी सिद्ध करायला पाच पानांचा फॉर्म लावू नका. कुटुंबाला ओळखणाऱ्या शिक्षकाने किंवा आरोग्यसेविकेने नाव सुचवलं की एक पान पुरे. मुक्कामाच्या जागी ही मंडळी इतर पाहुण्यांसारखीच पाहुणी. बॅनर नको, देणगीदारासोबत फोटो तर नकोच. मारहाणीतून सुटून आलेल्या बाईचा ठावठिकाणा एका फोटोने उघडा पडू शकतो.

परतीचा दिवस कामावर हजर व्हायच्या दिवसाला चिकटून नसावा, आणि घरी पोचल्यावर त्या रात्रीच्या जेवणाची सोय असावी. अभिप्रायाचा फोन दोन आठवड्यांनी करा. "कसं वाटलं?" विचारलं तर "छान" एवढंच ऐकायला मिळेल. "खिशातून कशाकशाला पैसे गेले?" असं विचारा, आणि जे उत्तर येईल ते पुढच्या सहलीच्या रकान्यांत लिहून ठेवा.