काटा उडी मारतो म्हणून घड्याळ नकली नव्हे

महाद्वार रोडला घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून लिहितोय. कोल्हापूरच्या ग्रुपांवर फिरतंय : ‘सेकंद काटा उड्या मारतो ते सेलचं, म्हणजे नकली, अस्सल महागड्या घड्याळात सेल नसतोच.’ साफ चूक. रोलेक्सनेच १९७७ साली ऑयस्टरक्वार्ट्झ हे सेलवरचं घड्याळ आणलं. ग्रँड सेइको या महागड्या जपानी ब्रँडचं सेलवरचं ९एफ मशीन वर्षाकाठी दहाएक सेकंदच इकडंतिकडं होतं. चावीच्या प्रमाणित स्विस मशीनला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते. आणि चावीचा काटाही सलग सरकत नाही. भिंगातून बघा, बऱ्याच मशीनांत सेकंदाला ८ बारीक उड्या दिसतील.

परवा एक काकू मुलानं दिलेलं अस्सल घड्याळ याच मेसेजपायी मोडीत द्यायला आल्या. झाकण उघडून आतलं मशीन दाखवलं, तेव्हा डोळे भरले त्यांचे. संपलेला सेल तेवढा आत ठेवू नका, गळतो.