साखर, फॉस्फेट आणि ते ‘1 लाख कोटी वर्षं’वालं फॉरवर्ड

तीन ग्रुपवरून एकच फॉरवर्ड आलं: एन्झाइमशिवाय (म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रियांना वेग देणाऱ्या प्रथिनांशिवाय) साखरेला फॉस्फेट जोडायला 1 लाख कोटी वर्षं लागतात, विश्वाचं वय 1380 कोटी, म्हणजे जीवसृष्टीच्या सुरुवातीला, एन्झाइमच्या आधी हे होणं अशक्य, विषय संपला. कसला संपतोय, एकेक मुद्दा घेऊ.

आधी तो आकडा. आकडा खराय, पण उलटा लावलाय. 2003 मध्ये रिचर्ड वुल्फेंडेन आणि सहकाऱ्यांनी काढलं की 25 अंशाच्या साध्या पाण्यात आधीच जोडलेला फॉस्फेट तुटायला किती वेळ लागतो, तर निम्मा माल तुटायला 1.1 लाख कोटी वर्षं (कोणी घड्याळ लावून बसलं नव्हतं, जास्त तापमानाला मोजून खालचा हिशोब केलाय). तुटायला! जोडायला नाही! म्हणजे एकदा चिकटलं की सहजासहजी सुटत नाही, हे तर फॉरवर्डवाल्याच्याच विरोधात जातं ना राव.

‘पाण्यात होतच नाही’ – हे अर्धं खरं. जोडताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो, आणि भोवती सगळं पाणीच असेल तर गाडी उलटीकडेच जाणार, त्यामुळे नुसतं पाणी, नुसता फॉस्फेट घेतला तर काही होत नाही, मान्य. पण मग पाणी आटवा की! 1971 मध्ये लोहरमान आणि ऑर्गेलनी न्यूक्लिओसाइड (डीएनए-आरएनएच्या कडीचा तुकडा, त्यात साखर असतेच), फॉस्फेट आणि युरिया, हो शेतात टाकतात तोच, असं मिश्रण कोरडं करून 100 अंशांपर्यंत तापवलं आणि फॉस्फेट जोडला गेला.

आणि पाण्यातही जमतं. 2000 साली कृष्णमूर्ती, गुंथा आणि एशेनमोसर यांनी डायअमिडोफॉस्फेट वापरलं. त्यालाही डीएपी म्हणतात, पण आपलं खताचं डीएपी ते नव्हे, ते डायअमोनियम फॉस्फेट. डायअमिडोफॉस्फेटमध्ये फॉस्फरसवर दोन नायट्रोजन बसलेले असतात, त्यातला एक साखरेच्या पहिल्या कार्बनला चिकटतो, मग लगेच शेजारच्या दुसऱ्या कार्बनचा ऑक्सिजन येऊन फॉस्फरसला धरतो, एक अमोनिया निघून जातो, रिंग तयार. शेजारीच हात पुढे करून बसलाय म्हटल्यावर लांबच्या पाण्याला कोण विचारतो!

‘कोणी करून दाखवलेलं नाही’ म्हणे. कोरी दांपत्य आणि कोलोविक यांनी 1937 मध्येच ग्लुकोज-1-फॉस्फेट केमिकली बनवलं. तेही सोडा, इन्स्टंट सूप किंवा सॉसचं पाकीट उलटं करून बघा, कशावर तरी आयएनएस 1412 (खाण्यात घालायच्या पदार्थांचा ठरलेला नंबर) सापडेल. ते म्हणजे डायस्टार्च फॉस्फेट: स्टार्च, म्हणजे ग्लुकोजच्या माळा, पाण्यात कालवून अल्कली करतात, सोडियम ट्रायमेटाफॉस्फेट टाकतात, दोन माळांमध्ये फॉस्फेटचा पूल पडतो, म्हणून उकळलं तरी सूप पातळ होत नाही. एन्झाइम शून्य, कारखान्यात टनावारी.

‘फॉस्फेट तर दगडात अडकलेला’ – बराचसा हो, अ‍ॅपेटाइटमध्ये. पण आपल्या लोणारसारख्या सोडा तळ्यांपैकी कॅनडातल्या लास्ट चान्स लेकमध्ये समुद्राच्या हजारो पट विरघळलेला फॉस्फेट आहे.

खरी अडचण फॉरवर्डमध्ये आलेलीच नाही. हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम ग्लुकोजच्या बरोब्बर सहाव्या कार्बनवर फॉस्फेट बसवतं, युरियाच्या भांड्यात मात्र जागा मिळेल तिथे, सगळी खिचडी. आणि डायअमिडोफॉस्फेट तेव्हाच्या पृथ्वीवर पुरेसं होतं का, यावर भांडा ना, मीही येतो भांडायला.