होलाशोवित्सेची घरं कोणी बांधली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चेक प्रजासत्ताकातल्या होलाशोवित्से या गावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : घरांबद्दल, तळ्याबद्दल वाचायला छान वाटत होतं, पण मध्येच दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या तिथल्या जर्मन लोकांच्या हकालपट्टीचा विषय आणून मी लेखाची चव घालवली. गाव चेक, घरांची शैली चेक, मग हे राजकारण कशाला? आणि नाझींनी लिदित्से गावाचं जे केलं त्यानंतर जर्मनांसाठी हळहळायचं कारण काय? शिवाय जेमतेम दीडशे वस्तीच्या गावाला सांगण्यासारखा इतिहास तो कितीसा असणार, असंही तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

चेस्के बुदेयोवित्से शहराच्या पश्चिमेला साधारण १५ किलोमीटरवर हे गाव आहे. आजूबाजूला सखल, पाणथळ मुलूख आणि माणसांनी बांध घालून केलेली माशांची तळी. दक्षिणेला ब्लान्स्की लेसचे डोंगर सुरू होतात. त्यातलं क्लेत्य हे सर्वांत उंच शिखर १०८४ मीटरचं. गावाचा पहिला लेखी उल्लेख १२६३ सालचा. १२९२ मध्ये राजा दुसरा व्हाक्लाव याने हे गाव विश्शी ब्रोदच्या सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती मठाला देऊन टाकलं आणि त्यानंतर साडेपाचशे वर्षं गावकरी त्या मठाची कुळं होती. १५२० ते १५२५ च्या दरम्यान प्लेगने गाव धुऊन नेलं. दोनच माणसं वाचली असं सांगतात. मेलेल्यांना पुरलं त्या जागी आज स्तंभ उभा आहे. ओसाड गाव मठाला परवडणारं नव्हतं. जमीन कसायला माणसं हवीत, तरच सारा येणार. मग मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून शेतकरी आणून इथे वसवले.

म्हणजे ही जर्मन बोलणारी माणसं हिटलरच्या सैन्यामागून आलेली नाहीत. ती सोळाव्या शतकात, मठाच्या बोलावण्यावरून आली. १८९५ मध्ये गावात १५७ जर्मन आणि १९ चेक राहत होते. ज्या घरांचे फोटो तुम्हाला आवडले, त्यातली बहुतेक याच एकोणिसाव्या शतकातली. त्यांचे मालक कोण होते हे सांगायचं टाळलं, तर लेखात मग उरतं काय?

आता घरांकडे येऊ. गावाच्या मधोमध सुमारे २१० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद हिरवं पटांगण. त्यात तळं, जुनी लोहारशाळा, एक क्रूस आणि संत यान नेपोमुत्स्की यांचं १७५५ सालचं छोटं प्रार्थनागृह. पटांगणाच्या कडेने २३ शेतघरं, सगळ्यांची अरुंद त्रिकोणी बाजू पटांगणाकडे. एकेका शेतकऱ्याच्या अशा दोन बाजू दिसतात : एक राहत्या घराची, दुसरी धान्याच्या कोठाराची. दोन्हींना जोडणारी भिंत, तिच्यात बैलगाडी जाईल एवढी कमान आणि शेजारी माणसांसाठी छोटं दार. आत अंगण, अंगणाच्या मागच्या अंगाला मळणीचं मोठं कोठार. चारी बाजूंनी बंद, आपल्या चौसोपी वाड्यासारखं. त्यामागे परसबाग आणि मग शेताची लांब पट्टी. जमिनीची ही आखणी मध्ययुगापासून चालत आलेली आहे आणि युनेस्कोने १९९८ मध्ये गावाला जागतिक वारशात घेतलं तेव्हा घरांच्या सौंदर्याइतकंच महत्त्व या आखणीला दिलं.

दर्शनी भिंती मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या. चुन्याच्या गिलाव्यात काढलेल्या वेलबुट्ट्या, लाटा, कोपऱ्यांना गोल वळणं, वर बांधकामाचं साल. फिकट पिवळा, गुलाबी, हिरवा रंग. हा मुलूख तेव्हा ज्या हबसबुर्ग राज्यात होता, तिथे ७ सप्टेंबर १८४८ च्या कायद्याने वेठबिगारी संपली आणि कुळं जमिनीची मालक झाली. चर्च आणि सरदारांच्या गढ्यांवर जे नक्षीकाम इतकी वर्षं नुसतं बघितलं, ते शेतकऱ्यांनी गावगवंड्यांकडून स्वतःच्या घरावर करून घेतलं. धान्याच्या कोठारालाही राहत्या घराइतकंच सजवलं. मला या गावात सर्वांत जास्त भावतं ते हेच. घर माझं, दाणे माझे, हे त्यांना साऱ्या पटांगणाला दाखवायचं होतं.

शैली चेक आहे हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जवळच्या झ्बुदोव्स्का ब्लाता या चेकभाषक पट्ट्यात, उदाहरणार्थ प्लास्तोवित्से गावात, अगदी अशीच घरं आहेत. तिथली बांधणारी माणसं चेक होती, इथली बहुतेक जर्मन. या शैलीला 'दक्षिण बोहेमियन लोकबरोक' म्हणतात (बोहेमिया म्हणजे चेक देशाचा पश्चिम भाग, बरोक म्हणजे चर्च-गढ्यांवरची ती नक्षीदार शैली), ते म्हणूनच मला पटतं. ते नाव मुलखाचं आहे, दोन्ही भाषांच्या शेतकऱ्यांना त्यात जागा आहे.

लिदित्सेबद्दल. १० जून १९४२ ला तिथे १७३ पुरुषांना एका शेतघराच्या आवारात गोळ्या घातल्या, बायकांना राफेन्सब्रुकच्या छावणीत पाठवलं, ८२ मुलं मारली, गाव जाळून सपाट केलं. हे ज्याने वाचलं आहे त्याला १९४५ मधला चेक लोकांचा संताप समजावून सांगावा लागत नाही. त्या संतापाला मी कुठेही खोटं ठरवलेलं नाही. पण १९४५-४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून जे सुमारे तीस लाख जर्मन बाहेर काढले गेले, त्यांत म्हातारी माणसं होती, तान्ही मुलं होती, पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणारी कुटुंबं होती. लिदित्सेचं दुःख मांडताना त्यांना वगळावं लागतं, असं मला वाटत नाही. ती माणसं जर्मन होती म्हणून मी त्यांच्याबद्दल लिहिलं नाही, होलाशोवित्सेची होती म्हणून लिहिलं.

आणि एक गोष्ट, जी 'राजकारण' म्हणून बाजूला ठेवली तर गावच कळत नाही. ही घरं इतकी जशीच्या तशी राहिली कशी? हकालपट्टीनंतर बरीचशी घरं रिकामी पडली. चाळीसेक वर्षं त्यांच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. राहती आणि भरभराटीची गावं बदलत जातात : खिडकी मोठी होते, कमान पाडून ट्रॅक्टरला वाट केली जाते, जुनं पाडून दुमजली घर येतं. इथे ते घडलं नाही, कारण घडवणारं माणूसच नव्हतं. गिलावा गळत होता, पण आराखडा शाबूत होता. त्याच वेळी दक्षिणेला ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या निषिद्ध पट्ट्यात अशीच रिकामी झालेली कितीतरी गावं पाडून टाकली गेली, आज तिथे रान आहे. होलाशोवित्से सीमेपासून बरंच आत, म्हणून ते वाचलं. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर १९९० पासून दुरुस्ती सुरू झाली, घरांत पुन्हा माणसं आली आणि आठ वर्षांत गाव युनेस्कोच्या यादीत पोचलं. त्या पडझडीतून घरं वर काढणारी, रंग लावून पुन्हा नांदती करणारी माणसं चेक आहेत आणि त्यांचं श्रेय मी मूळ लेखातही दिलं आहे.

तुम्ही शेवटी विचारलंत, आता तिथे खरोखर कोणी राहतं की सगळं पर्यटकांसाठी मांडलेलं आहे. राहतात, साधारण १४० माणसं. प्रशासकीयदृष्ट्या हा यान्कोव्ह ग्रामपंचायतीचा भाग आहे. जुलैच्या शेवटी मोठी शेतकरी जत्रा भरते, कारागीर दुकानं मांडतात, तेव्हा पटांगणात पाय ठेवायला जागा नसते. घरं नीट पाहायची असतील तर जत्रा सोडून जा. प्रार्थनागृहापाशी उभं राहून दोन्ही रांगांवरची सालं वाचत चला.